राहण्यास उत्तम, विकत घेण्यास नव्हे : जावा बेटावरील सुंदानी गावातील मुक्काम आणि ‘प्लॉट दर्शन’ सहल

गेल्या दिवाळीनंतर सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात जमिनीच्या व्यवहारातील एका व्यावसायिकाने सादरीकरण ठेवले होते. इंडोनेशियातील जावा बेटावर, थंड हवेच्या डोंगराळ भागात, सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या किमतीत दहा गुंठ्यांचा बंगला प्लॉट मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांच्यासाठी गावातील घरात चार रात्रींचा मुक्काम, जागेची पाहणी व तेथील नोटरीची भेट अशी सशुल्क सहल त्यांनी आखली होती. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एकतीस वर्षे दस्तलेखक म्हणून बसल्यामुळे मला जमीन घेण्यापेक्षा तिचे कागद वाचण्याची हौस अधिक आहे. त्यातच आमचे जावई पश्चिम जावातील पुर्वाकार्ता येथे एका कापड गिरणीत आठ वर्षांपासून नोकरीस आहेत आणि त्यांना तेथील भाषा चांगली येते. तेव्हा गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता निघालो. पुढील अभिप्राय ज्या घरात आम्ही राहिलो त्या घराविषयी आणि ज्या व्यावसायिकाने आम्हाला तेथे नेले त्याच्या सेवेविषयी आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असल्यामुळे ते एकत्र तोलू नयेत, ही वाचकांस विनंती.

प्रथम ठिकाण सांगतो. जावा बेटाच्या पश्चिम भागात राहणारे लोक सुंदानी. त्यांची भाषा जावानी भाषेहून वेगळी आणि त्यांचा मुख्य प्रदेश म्हणजे बांदुंग शहराभोवतालचा प्रियांगन हा डोंगराळ टापू. या नावाचे मूळ रूप ‘पाराह्यांगन’, म्हणजे देवांचे निवासस्थान. आमचे गाव याच टापूतील गारुत जिल्ह्यात, चिकाजांगच्या वरच्या अंगाला, पापांदायान या जागृत ज्वालामुखीच्या उतरंडीवर होते. ज्यांच्या घरी राहिलो ती साधी कुटुंबवत्सल माणसे आहेत, म्हणून गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नकाशा पाहिलात तर या भागातील निम्मी नावे ‘चि’ने सुरू होताना दिसतील : चिकाजांग, चिविदे, चिसारुआ, चिआतेर. हा ‘चि’ म्हणजे पाणी. जेथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते अशा शहरातून गेलेल्या माणसाला, गावांची नावेच पाण्यावरून ठेवणारा मुलूख पाहून काय वाटले असेल, हे सोलापूरकरांना वेगळे सांगावयास नको.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात व्यावसायिकाचे कर्तृत्व फारसे नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने जकार्ता. विमानतळावर उतरल्यावर भारतीयांना पाच लाख रुपिया भरून तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. आकडा ऐकून सौ. दचकल्या, परंतु आपल्या एका रुपयास साधारण पावणेदोनशे ते दोनशे रुपिया असा हिशेब असल्यामुळे तो तितका भीतिदायक नाही. पुढचा प्रवास सहलीच्या मोटारीने व्हावयाचा होता. ती आली नाही. जावईबापूंनी जकार्ताच्या पासार सेनेन स्थानकावरून सुटणाऱ्या ‘चिकुराय’ गाडीची तिकिटे काढली, आणि मोटार चुकली हे बरेच झाले असे मी म्हणेन. सहा-सात तासांचा हा प्रवास भातखाचरे आणि दऱ्या ओलांडत जातो आणि नाग्रेग या ८४८ मीटर उंचीवरच्या, इंडोनेशियातील सर्वांत उंच चालू स्थानकावरून खाली उतरतो. चिबातू ते गारुत हा शेवटचा फाटा कित्येक वर्षे बंद होता. तो २०२२ साली पुन्हा सुरू झाला. गारुतहून वर चढायला ‘आंगकोत’ म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी गाडी मिळते आणि माणसे दाटीवाटीने भरण्याची पद्धतही अगदी तीच आहे.

आता घर. ते जमिनीवर टेकलेले नाही. दगडांच्या बैठकीवर लाकडी खांब उभे करून गुडघाभर उंचीवर उचललेले आहे, भिंती विणलेल्या बांबूच्या आणि जमीन चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांची. चालताना ती किंचित लवते आणि पहिल्या दिवशी आपण पडणार असे वाटते. खालून वारा खेळतो, त्यामुळे दमट हवेतही धान्य व अंथरुणे कुजत नाहीत. स्वयंपाकघरात ‘हावू’ नावाची चूल असते. संध्याकाळी सारे घर तिच्याभोवती शेकत बसते आणि या बसण्याला त्यांच्या भाषेत ‘सिदुरू’ असा स्वतंत्र शब्द आहे. रात्री थंडी चांगलीच पडते. आम्ही यजमानांना भेट म्हणून दोन सोलापुरी चादरी नेल्या होत्या. पहिल्या रात्री त्या आम्हीच पांघरल्या आणि दुसऱ्या दिवशी ओशाळत त्यांच्या स्वाधीन केल्या. यजमानीणबाईंनी चादरीचा पोत दोन्ही बाजूंनी चोळून पाहिला. त्या भागात माजालाया हे हातमाग-यंत्रमागाचे जुने गाव असल्यामुळे तेथल्या बायकांना विणीची पारख आहे.

अंगणात बांबूच्या पन्हळीतून झऱ्याचे पाणी अहोरात्र वाहत होते आणि ते ‘बालोंग’ म्हणजे माशांच्या तळ्यात पडत होते. त्या आवाजाने सौभाग्यवतींना झोप येईना. कोणीतरी नळ उघडा टाकला आहे, या समजुतीने त्या रात्रीतून दोनदा उठून बाहेर गेल्या आणि बंद करण्यास तोटीच नाही हे पाहून परत आल्या. तिसऱ्या रात्री मात्र त्यांना गाढ झोप लागली.

जेवणाविषयी शाकाहारी वाचकांनी हा परिच्छेद नीट वाचावा. सुंदानी जेवणात भाताबरोबर ‘लालापान’ म्हणजे कोवळा पाला, काकडी, वांगी, शेंगा अशा कच्च्या भाज्यांचे ताट आणि झणझणीत ‘सांबाल’ म्हणजे मिरचीचा ठेचा असतो. तोफू आणि तेंपे हे सोयाबीनचे पदार्थ रोज मिळतात. म्हणजे वरवर पाहता आपली सोय उत्तम. परंतु सांबालमध्ये बहुधा ‘तेरासी’ म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा घातलेला असतो, आणि तो तेथील लोकांना मांसाहार वाटतच नाही, जसे आपल्याकडे हिंग घातले हे कोणी सांगत नाही. सहलीच्या पत्रकात ‘शुद्ध शाकाहारी भोजन’ असे ठळक छापले होते; यजमानांना मात्र त्याची कल्पनाच दिलेली नव्हती. जावईबापूंनी ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीविना, हे दोन शब्द आम्हाला पाठ करून दिले आणि तेथपासून अडचण आली नाही. ‘कारेदोक’ हा कच्च्या भाज्यांवर शेंगदाण्याची वाटलेली चटणी कालवून करण्याचा प्रकार आम्हाला विशेष आवडला. सौ.नी डब्यातली आपली शेंगा चटणी काढून दिली, तेव्हा यजमानीणबाईंनी ती चाखून उखळाकडे बोट दाखवले. कुटून केली की दळून, असा तो प्रश्न होता, आणि ज्यांना शेंगा चटणी कळते त्यांनाच तो पडतो. प्रत्येक जेवणाआधी बिनसाखरेचा गरम चहा पाण्यासारखा समोर येतो व त्याचे पैसे लागत नाहीत. या टापूत डचांच्या काळापासून चहाचे मळे आहेत. शेजारच्या पांगालेंगानमधील मलबार मळ्याचे व्यवस्थापक बोस्खा यांनी मिळवलेल्या संपत्तीतून लेंबांगची वेधशाळा उभी राहिली, एवढा तो चहा त्या मुलखाला फळला आहे.

दोघांचे दोन्ही वेळच्या जेवणासह रात्रीचे साडेतीन लाख रुपिया, म्हणजे आपले सुमारे १,९०० रुपये, हा त्या घराचा दर मला मागाहून थेट यजमानांकडून कळला. व्यावसायिकाने आमच्याकडून याच्या तिपटीहून अधिक घेतले होते. उणिवाही सांगतो : न्हाणीघर घराबाहेर आहे, पाणी बर्फासारखे थंड आहे, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय नाही आणि जानेवारीत धुतलेला कपडा चार दिवस वाळत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विचार करूनच जावे. पोहोचल्यावर यजमानांनी आमच्या पारपत्राच्या प्रती घेऊन ‘पाक आर. टी.’ म्हणजे वस्तीच्या प्रमुखाकडे नोंद केली. पाहुणा रात्री राहिला तर चोवीस तासांत कळवायचे, असा तेथे रिवाज आहे. वाटेत वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना किंचित वाकून ‘पुंतेन’ म्हणायचे आणि त्यांनी ‘मांगा’ असे उत्तर द्यायचे, ही पद्धत आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत शिकलो. त्यानंतर गावातल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला थांबवून गप्पा मारायला सुरुवात केली, ज्यातले आम्हाला काहीच कळत नव्हते.

एक दिवस आम्ही सहलीचा कार्यक्रम बाजूला ठेवून लेलेसजवळच्या चांगकुआंग मंदिरास गेलो. लहानशा तळ्यात बेट, बेटावर शंकराचे मंदिर आणि बांबूच्या तराफ्याने तेथे जाणे; तळ्यातल्या सिद्धेश्वराला लहानपणापासून प्रदक्षिणा घालणाऱ्या आम्हा दोघांना तराफ्यावर काही बोलवेना. हे मंदिर आठव्या शतकातील मानले जाते. १९६६ साली त्याचे अवशेष सापडले आणि पुढे ते उभारले गेले, त्यातील निम्म्याहून कमी दगड मूळचे आहेत. आत शिवमूर्ती आहे आणि मंदिराला लागूनच आरिफ मुहम्मद या मुस्लिम पूर्वजाची कबर आहे. दोहोंची निगा तेथलेच लोक राखतात. ‘चांगकुआंग’ हे केवड्याच्या जातीतील एका झाडाचे नाव. शंकराला केतकी वर्ज्य असताना त्याचे देऊळ केतकीच्या नावाने ओळखले जावे, याचे सौ.ना फार नवल वाटले. तळ्याकाठच्या कांपुंग पुलो या वस्तीत सहा घरे आणि एक मशीद आहे. सातवे घर बांधायचे नाही आणि चार पायांची जनावरे पाळायची नाहीत, हा नेम ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत. ज्या मुलखात घरांची संख्या वाढू न देणे हेही एक व्रत असू शकते, तेथे आम्ही प्लॉट पाहण्यास आलो होतो.

तो प्लॉट तिसऱ्या दिवशी दाखवण्यात आला. गाजर आणि कोबीच्या वाफ्यांमधला उताराचा तुकडा, मागे धुके; पत्रकातील चित्रात दिसणारा पापांदायान पर्वत चारही दिवसांत एकदाही दिसला नाही, परंतु तो दोष हवामानाचा आहे. माझे लक्ष क्षेत्रफळाकडे होते. विक्रेत्याच्या हातातील कागदावर ‘५० तुंबाक’ असा आकडा होता. सुंदानी भागात जमीन तुंबाकात मोजतात आणि एक तुंबाक म्हणजे १४ चौरस मीटर. पन्नास तुंबाक म्हणजे ७०० चौरस मीटर. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे हे क्षेत्र सात गुंठ्यांच्याही किंचित आत भरते. सोलापूरच्या सभागृहात सांगितलेले उरलेले तीन गुंठे कोठे गेले, असे विचारता व्यावसायिकाच्या प्रतिनिधीने ‘रस्त्यात गेले’ असे उत्तर दिले. रस्ता पायवाटेएवढा होता.

मग मी कागद मागितला. दाखवण्यात आला तो ‘गिरिक’, म्हणजे जुन्या काळी जमिनीचा कर भरल्याबद्दल मिळणारा कागद. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असले की मालकी सिद्ध झाली असे समजणारे लोक जसे फसतात, तशीच ही गोष्ट आहे : गिरिक ही कराची नोंद आहे, मालकीचे प्रमाणपत्र नव्हे. मालकीचे प्रमाणपत्र तेथील राष्ट्रीय भूमी कार्यालय देते, आणि २०२१ च्या शासकीय नियमाने अशा जुन्या कागदांवरील जमिनी पाच वर्षांच्या आत नोंदवून घेण्यास सांगितले होते. नोंदणी झाली आहे काय, या माझ्या प्रश्नाला ‘प्रक्रिया चालू आहे’ असे उत्तर आले. हे वाक्य मी एकतीस वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अनुवाद करण्याची जावईबापूंना गरज पडली नाही. ग्रामकार्यालयातील सज्जन कारकुनाने ‘लेटर सी’ ही गावच्या जमिनींच्या नोंदींची मोठी वही काढून दाखवली. तीत नोंद विक्रेत्याच्या आजोबांच्या नावे होती आणि वारस सात होते. सातांपैकी दोघे बांदुंगला आणि एकजण सौदी अरेबियात नोकरीला.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे निघाली. जावईबापूंनी प्रतिनिधीला दूर ठेवून, विक्रेता म्हणून दाखवलेल्या त्या वृद्ध शेतकऱ्याशी चहा घेत सरळ बोलणे केले, तेव्हा तो म्हणाला की जमीन विकण्याचा त्याचा विचार कधीच नव्हता. पंचवीस वर्षांसाठी भाड्याने देण्याची त्याची तयारी होती. भाडे यासाठी त्यांच्याकडे शब्द आहे ‘सेवा’. किंमतीला ‘हार्गा’ म्हणतात, तो आपला ‘अर्घ’, साक्षीदाराला ‘साक्सी’, आणि आदराने बोलताना घराला ‘बुमी’ म्हणतात. इतके शब्द ओळखीचे असूनही व्यवहारातला मुख्य शब्द आमच्यापर्यंत पोहोचू दिला गेला नव्हता.

आता कायदा, कारण पुण्या-मुंबईतही अशी सादरीकरणे होत असल्याचे ऐकतो. इंडोनेशियाचा मूळ भूमी कायदा १९६० चा, क्रमांक ५. त्यानुसार ‘हाक मिलिक’ म्हणजे पूर्ण मालकी हक्क फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळतो. परकीयाला मिळू शकतो तो ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क. २०२१ च्या नियमानुसार घरासाठी तो तीस वर्षांचा, मग वीस वर्षांची मुदतवाढ आणि त्यानंतर तीस वर्षांचे नूतनीकरण अशा स्वरूपाचा आहे, परंतु त्यासाठी प्रांतानुसार ठरवलेली घराची किमान किंमत असते आणि ती अब्जावधी रुपियांत जाते. डोंगरउतारावरचा गाजराचा वाफा त्या किमतीत बसत नाही. शिवाय शेतजमिनीबाबत १९६१ पासून असा नियम आहे की मालकाने त्याच तालुक्याएवढ्या हद्दीत राहिले पाहिजे. आपल्याकडे कुळकायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेती घेण्यास मनाई आहे, त्यातलाच हा प्रकार.

यावर प्रतिनिधीने जो तोडगा सांगितला, तो ऐकून मला खुर्चीवरून उठावेसे वाटले. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, त्याच्याकडून कायमचे, रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यायचे, आणि ‘नाव देणारा माणूस आम्ही पुरवतो’. आपल्याकडे याला बेनामी म्हणतात आणि त्यासाठी १९८८ चा कायदा आहे. त्यांच्याकडे १९६० च्याच कायद्याचे कलम २६ सांगते की परकीयाकडे अप्रत्यक्षपणे मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. रद्द न होणाऱ्या कुलमुखत्यारपत्राने जमीन हस्तांतरित करण्यासही त्यांच्या गृहमंत्र्यांनी १९८२ सालीच मनाई केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कुलमुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही असे जे सांगितले, ते येथील कितीतरी लोकांना दस्त लिहून देण्यास नकार देताना मी समजावले आहे. तेच जावा बेटावर पुन्हा समजवावे लागेल असे वाटले नव्हते. ‘नोटरीची भेट’ म्हणून जी झाली ती नोटरीच्या कार्यालयातील एका तरुणाशी, दहा मिनिटांची, आणि त्या बिचाऱ्यानेही गिरिक पाहून मान हलवली.

पैसे येथून पाठवण्याचा भागही सादरीकरणात सोयीस्करपणे वगळला होता. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, यात बेकायदेशीर काही नाही. परंतु दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते, जो नंतर विवरणपत्रात वळता होतो. परदेशातील स्थावर मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावीच लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने थंड हवेसाठी ही डोकेदुखी का ओढवून घ्यावी, हे मला कळत नाही.

जागा पावसाळ्यात पाहावी, असे आमचे वडील म्हणत. त्या तुकड्याच्या वरच्या बांधाला बोटभर रुंदीची आडवी भेग होती आणि तिच्यात पाणी मुरत होते. या टापूत दरड कोसळणे नवे नाही; पापांदायानचा १७७२ चा उद्रेक सुमारे तीन हजार माणसांचा बळी घेऊन गेला, तो २००२ साली पुन्हा जागा झाला होता, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या चियांजुरला झालेल्या ५.६ तीव्रतेच्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. अशा जमिनीवर लाकडी खांबांवर उचललेले, हलले तरी मोडून न पडणारे बांबूचे घर शोभते. पत्रकातील सिमेंट-काँक्रीटचा दुमजली बंगला कोणासाठी होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

परतल्यावर मी व्यावसायिकाकडे न आलेल्या मोटारीचे पैसे मागितले. दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर निम्मे मिळाले. त्यांच्या सेवेस पाचपैकी एक गुण देतो, तोही बाकीची तिकिटे वेळेवर काढून दिल्याबद्दल. सभागृहात माझ्या शेजारी बसलेल्या तिघांनी विसाराची रक्कम दिली होती; त्यांतील दोघांना मी वरील सर्व हिशेब कागदावर मांडून दिला आहे.

घरास साडेचार गुण. त्या गावात दोन-तीन महिने राहण्याची इच्छा असणाऱ्याने घर सरळ भाड्याने घ्यावे, करार इंडोनेशियन भाषेत करून त्याचा अनुवाद जवळ ठेवावा, आणि ज्याचे नाव प्रमाणपत्रावर आहे त्याचीच सही घ्यावी. परकीयाला भाडेपट्टा घेण्यास तेथील कायदा मोकळा आहे. आम्ही पुढील वर्षी जून ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत सहा आठवड्यांसाठी जाणार आहोत व तसे यजमानांना कळवले आहे. खोली मागताना पूर्वेकडची मागावी. पश्चिमेकडची मोठी आहे, पण तिच्या छपराची दोन कौले सरकलेली असून पाऊस लागला की थेंब नेमका उशाशी पडतो.